तळ्याच्या बाजूने सगळा उतार

"आपणही जाऊ की सायकलने!" हे चार शब्द मी एका सकाळी दात घासताना बोललो. तोंडात फेस होता. ते कुणाला ऐकू गेले नसते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण आमच्या घरी मी मोठ्याने सांगितलेलं कुणाला ऐकू येत नाही आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटलेलं तीन खोल्यांत ऐकू जातं.

झालं होतं असं की माझ्या साडूने घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला होता. (नवऱ्यांची तुलना करायला सोपं जावं म्हणूनच साडू हे नातं निर्माण झालं असावं, असं माझं मत आहे. हे मत मी घरात बोलून दाखवलेलं नाही.) टेकडीच्या माथ्यावर चार सायकली, चार हेल्मेटं आणि चार हसरी तोंडं. खाली लिहिलेलं, 'बत्तीस किलोमीटर. मुलांनी मजा केली.' बायकोने फोटो पाहिला, दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. बोलली काहीच नाही. चौदा वर्षांच्या संसारात मी एवढंच शिकलोय की ती बोलते तेव्हा विषय संपलेला असतो, आणि गप्प बसते तेव्हा तो सुरू होतो.

म्हणून मी घाईघाईने ते चार शब्द बोललो.

"तुम्ही नेणार?" बायकोने विचारलं. त्यातल्या 'तुम्ही'वर तिने एवढा भार टाकला की मी चूळ भरायची विसरून फेस गिळला.

तिचंही चुकत नव्हतं म्हणा. माझ्या नावावर आधीच्या तीन सहली जमा होत्या. पहिल्या सहलीत मी सगळ्यांना दर सोमवारी बंद असणाऱ्या बागेत सोमवारी नेलं होतं. दुसऱ्या सहलीत अगदी बरोबर प्लॅटफॉर्मवरच्या अगदी बरोबर वेळेच्या गाडीत बसवलं. फक्त ती गाडी तिकडून येत होती, तिकडे जात नव्हती. तिसऱ्या वेळी तंबू नेला आणि त्याचे खांब घरी राहिले. आम्ही चौघं भर दुपारी तंबू डोक्यावरून पांघरून बसलो होतो आणि येणारे-जाणारे आमचा फोटो काढत होते.

"या वेळी नीट योजना करीन," मी म्हणालो.

"ठीक आहे. माझी एकच अट. चढ नको. मला दम लागतो, माझे गुडघे बोलतात, आणि चढावर सायकल ढकलत नेण्यासाठी मी सुट्टी घेणार नाही. एक जरी चढ लागला ना, तर आपल्या घरातलं सहलींचं खातं त्या दिवसापासून भाऊजींकडे."

भाऊजी म्हणजे साडू. हे खातं त्याच्याकडे जाणं म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. साडू सहलीला शिट्टी घेऊन येतो. एक शिट्टी वाजली की उठायचं, दोन वाजल्या की रांगेत यायचं, तीन वाजल्या की फोटोसाठी हसायचं. गेल्या वर्षी आम्ही त्याच्याबरोबर दोन दिवस गेलो होतो. तिथून आल्यावर पुढे चार दिवस कुकरची शिट्टी झाली की मी उभा राहत होतो.

पण खरं सांगायचं तर मला शिट्टीचं एवढं वाईट वाटलं नव्हतं. त्या सहलीहून परत येताना माझी मुलगी गाडीत माझ्या शेजारी बसली होती. खिडकीबाहेर बघत ती सहज म्हणाली, "काकांना सगळं येतं. हो ना बाबा?" मी हो म्हणालो. ते 'हो' मी अजून विसरलो नव्हतो. एकदा, फक्त एकदा, माझ्या मुलांनी कुणालातरी सांगावं की आमच्या बाबांनी आम्हाला नेलं होतं आणि फार मजा आली होती, एवढीच माझी इच्छा होती.

"मान्य," मी म्हणालो. "एकही चढ लागणार नाही."

आता माझ्या नोकरीबद्दल. मी एका मोठ्या कार्यालयात आवक-जावक विभागात कारकून आहे. आलेला कागद आवक वहीत, गेलेला कागद जावक वहीत. बावीस वर्षांत माझ्या हातून एक कागद हरवलेला नाही. (एक सापडत नाही. ते वेगळं.) त्यामुळे योजना करायची म्हणजे रीतसर फाईल उघडायची, हे माझ्या रक्तातच आहे. फाईलवर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'विषय : कौटुंबिक सायकल सहल (चढविरहित).'

जायचं ठिकाण ठरलं तळं. आमच्या गावापासून तळ्याला दोन रस्ते जातात. एक पुलावरून, नऊ किलोमीटरचा. दुसरा जुन्या शाळेवरून, अकरा किलोमीटरचा. पुलाचा रस्ता मला माहीत होता. एकदा ऑफिसच्या जीपमधून त्या रस्त्याने गेलो होतो तेव्हा ड्रायव्हरने पूल ओलांडल्यावर इंजिन बंद केलं होतं आणि गाडी आपोआप घरंगळत थेट तळ्यावर जाऊन थांबली होती. म्हणजे जाताना सगळा उतार. प्रश्न होता परत येण्याचा. त्याच रस्त्याने परत आलो तर तोच उतार उलटा लागणार, एवढं मलाही कळत होतं. (ही माझ्या बुद्धीची त्या आठवड्यातली शेवटची नोंद.) म्हणून दुसऱ्या रस्त्याची चौकशी करायला हवी होती.

आमच्याकडे टपाल घेऊन येणारा पोस्टमन रोज सायकलवरून त्या बाजूच्या वाड्या-वस्त्यांवर जातो. याच्याहून मोठा तज्ज्ञ कोण असणार? टपालाची पोचपावती देता देता मी त्याला विचारलं,

"काय हो, शाळेवरून तळ्याचा रस्ता कसा आहे?"

"एक नंबर, साहेब. नवीन डांबर टाकलंय."

"चढ वगैरे?"

"चढ कसला! तळ्याच्या बाजूने सगळा उतारच आहे. हात सोडून येतो मी."

तळ्याच्या बाजूने उतार. म्हणजे तळ्याकडून घराकडे येताना उतार. मी ताबडतोब फाईलमध्ये टिपण केलं, तारीख घातली, आणि एक नकाशा काढला. घरापासून पुलावरून तळ्यापर्यंत बाण, त्यावर 'उतार'. तळ्यापासून शाळेवरून घरापर्यंत बाण, त्यावर 'उतार'. असा छान वाटोळा रस्ता तयार झाला, वीस किलोमीटरचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत उतरता. मी तो कितीतरी वेळ कौतुकाने बघत बसलो. असा रस्ता आपल्या गावात आहे आणि आजवर कुणाच्या लक्षात आला नाही, याचं मला नवल वाटत होतं.

गडबडीत ती फाईल इतर फायलींबरोबर हेडक्लार्कच्या टेबलावर गेली. हेडक्लार्क न वाचता सही करतात म्हणून प्रसिद्ध आहेत. पण नेमकी ही त्यांनी वाचली. फाईल परत आली तेव्हा तिच्यावर लाल शाईत शेरा होता, 'परतीच्या मार्गाचा खुलासा करावा.' मला हसू आलं. सहलीच्या फाईलवरही यांना शेरा मारल्याशिवाय चैन पडत नाही, असं मनाशी म्हणून मी खाली लिहिलं, 'खुलासा : परतीलाही उतारच आहे,' आणि फाईल बंद केली.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी नकाशा पसरला. आमची मोठी मुलगी दहा वर्षांची आहे. तिला आम्ही वकीलबाई म्हणतो, कारण तिला 'झोप' म्हटलं तरी ती 'का?' विचारते. धाकटा पाच वर्षांचा. त्याला भोंगा म्हणतो. का ते त्याला भेटलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

वकीलबाईने नकाशा आपल्याकडे फिरवून घेतला आणि बोटाने बाणांवरून एक फेरी मारली.

"बाबा, आपण घरातून निघणार."

"हो."

"मग खाली खाली जाणार."

"हो."

"मग तळ्यावरून आणखी खाली खाली जाणार."

"अगदी बरोबर."

"मग घर खाली कसं येईल? ते तर वरच राहिलं ना?"

भोंग्याने चमचा खाली ठेवला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. एका क्षणासाठी मलाही शंका आली. पण मी सावरून घेतलं.

"बाळ, तू पुस्तकातलं बोलतेयस. रस्ता गोल आहे."

"गोल असला म्हणून काय झालं?"

"गोल रस्त्याचं वेगळं असतं. आणि पोस्टमन रोज जातो त्या रस्त्याने. तो काय खोटं बोलेल?"

"मी पोस्टमनकाकांना खोटं म्हणत नाही," वकीलबाई म्हणाली. "मी घराबद्दल विचारतेय."

"मोठी झालीस की कळेल," मी म्हणालो. ज्याचं उत्तर आपल्यालाच येत नाही त्या प्रश्नासाठी बापांनी हे वाक्य राखून ठेवलेलं आहे.

आता सायकली. बायकोची कॉलेजातली सायकल माळ्यावर होती, वकीलबाईकडे तिची स्वतःची होती. मला एक हवी होती, मागे भोंग्यासाठी छोटी खुर्ची असलेली. तशी सायकल आमच्या ओळखीत एकाच माणसाकडे होती. तो कोण ते सांगायला नको. मी साडूला फोन केला.

"घेऊन जा की!" साडू म्हणाला. "गिअर वापरता येतात ना?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो. (येतात असं मी म्हटलं नाही, हे लक्षात घ्या.)

"कुठे निघालात?"

"तळ्यावर. वाटोळा मार्ग शोधलाय मी. जाताना उतार, येतानाही उतार."

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. फोन कट झाला असं वाटून मी "हॅलो, हॅलो" केलं.

"नाही, आहे मी," साडू म्हणाला. "हा रस्ता एकदा मलाही दाखवा."

त्याच्या आवाजात मला मत्सर ऐकू आला. मला फार बरं वाटलं.

पुढच्या शनिवारी, मला सुट्टी असताना, आम्ही सकाळी दहाला निघालो. साडूच्या सायकलला डाव्या मुठीवर तीन आणि उजव्या मुठीवर सात आकडे होते. मी डावीकडे तीन आणि उजवीकडे सात लावले. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यात वरची श्रेणी मिळत होती, ती कशाला सोडा?

आणि काय सांगू! पूल ओलांडला आणि सायकली आपोआप पळायला लागल्या. दोन्ही बाजूंना शेतं, मध्ये काळा गुळगुळीत रस्ता, आणि पायांना कामच नाही. भोंगा माझ्या मागे बसून समोर दिसेल त्याला हाका मारत होता. "ए गाईईई! ए झाडाआआ! ए माणूऊऊस!" त्यातल्या माणसाने हात हलवला तेव्हा तर त्याचा आवाज टिपेला पोचला. वकीलबाई सगळ्यांच्या पुढे होती आणि तिच्या दोन्ही वेण्या आडव्या झाल्या होत्या. आणि बायको, जी 'मला दम लागतो' म्हणाली होती, तिने चक्क दोन्ही पाय पायडलवरून काढून बाजूला पसरले आणि मोठ्याने हसली. हे हसणं मी लग्नाच्या आधी ऐकलं होतं. नंतर ते कुठे ठेवलं गेलं होतं कुणास ठाऊक. मी तिच्या बाजूने जाताना माझे डोळे भरून आले. (वाऱ्यामुळे, असं मी तिला सांगितलं.)

तळ्याकाठी आम्ही डबे उघडले, बदकांना पाव घातला, भोंग्याने बदकांनाही भाषण दिलं. बायको झाडाला टेकून बसली आणि म्हणाली, "जमलं हो तुम्हाला."

तीन शब्द. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण यशाची सवय नसलेल्या माणसाला थांबता येत नाही. मी चौघांचा फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'सगळा उतार! नियोजन : मी.' साडूचं उत्तर लगेच आलं, 'वा! परत कधी?' मी लिहिलं, 'आता तीनला निघतोय. शाळेच्या रस्त्याने. तोही उतारच.' यावर त्याने नुसतं एक प्रश्नचिन्ह पाठवलं.

तीनला आम्ही शाळेच्या रस्त्याला लागलो. पहिली शंभर पावलं रस्ता सपाट होता. मग एक वळण आलं. वळणाच्या पलीकडे रस्ता दिसण्याऐवजी आम्हाला रस्त्याचं पोट दिसलं.

"अहो," बायको म्हणाली, "हा चढ आहे."

"छे! उतार सुरू होण्याआधी थोडा उंचवटा येतोच."

उंचवटा संपला आणि दुसरा सुरू झाला. मी उभं राहून पायडल मारू लागलो. तिसरी आणि सातवी श्रेणी काही केल्या हलेना. सायकल जागच्या जागी डुलायला लागली.

"बाबा," मागून भोंगा ओरडला, "ते झाड पुढे चाललंय!"

"झाडं चालत नाहीत."

"मग आपण मागे चाललोय!"

ते खरं होतं. मी घाबरून डाव्या मुठीवरचा आकडा बदलला, मग उजव्या मुठीवरचा, मग दोन्ही एकदम. खाली कुठेतरी 'खडाक' असा आवाज झाला, साखळी निघाली आणि माझे पाय हवेत गरागरा फिरायला लागले. इतक्या वेगाने पाय चालवून मी आयुष्यात कधी जागच्या जागी राहिलो नव्हतो.

"आता हा चढ आहे की नाही?" सायकलवरून उतरून बायकोने विचारलं.

"तसा चढ म्हणता येणार नाही. रस्त्याचा कल थोडा..."

"आहे की नाही?"

"वकीलबाईंना विचारू," मी म्हणालो. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण मी धरलेली काडी वकील होती.

"चढ आहे," वकीलबाई म्हणाली. "आणि हा घरापर्यंत असणार. घर वर आहे. मी म्हटलं होतं."

साखळी बसवण्याच्या नादात काळे झालेले हात पँटला पुसत मी सायकल ढकलायला लागलो. इतक्यात मागून एक आजी आल्या. डोक्यावर गवताचा भारा, पायात तुटकी चप्पल, आणि चाल अशी की आम्हा चौघांना आणि तीन सायकलींना त्यांनी बघता बघता मागे टाकलं. दहा पावलं पुढे जाऊन त्या वळल्या.

"कुठं निघालात?"

"घरी. वर," मी धापा टाकत म्हणालो.

"घर वर हाय, तर खाली कशाला आलात?"

याचा खुलासा फाईलमध्ये होता. फाईल घरी राहिली होती. आजी वरच्या वळणावरून दिसेनाशा झाल्या.

दोन किलोमीटर झाले असतील. बायकोचे गुडघे बोलायला लागले होते, पण बायको बोलत नव्हती, आणि मला त्या शांततेत शिट्ट्या ऐकू येत होत्या. एक, दोन, तीन. तेवढ्यात समोरून, वरून, वाऱ्यासारखी एक सायकल आली. हँडलवरचे हात सोडलेले, पाठीला रिकामी पिशवी, तोंडात गाणं. आमच्याजवळ येऊन ती करकचून थांबली.

"साहेब! तुम्ही इकडून?" पोस्टमन म्हणाला.

"तुम्हीच तर म्हणालात, तळ्याच्या बाजूने सगळा उतार आहे!"

"मग! चाललोय की तळ्याच्या बाजूने! आहे का नाही सगळा उतार?"

तळ्याच्या बाजूने. तो तळ्याच्या बाजूला जाताना म्हणत होता आणि मी तळ्याच्या बाजूकडून येताना समजलो होतो. 'बाजूने' या एवढ्याशा शब्दाला दोन तोंडं असतात हे मला शाळेत कुणीतरी सांगायला हवं होतं.

"अहो, पण तुम्ही परत कसे येता?" मी विचारलं. माझा आवाज रडवेला झाला होता.

"चारची बस असते ना तळ्यावरून. टपावर सायकल टाकायची, आत बसून डुलकी काढायची."

"हे तुम्ही मला सांगितलं नाहीत!"

"तुम्ही जायचं विचारलंत, साहेब. यायचं कुठे विचारलंत?" मग तो बायकोकडे वळून आदराने म्हणाला, "साहेब आवक-जावकला असतात ना, म्हणून मला वाटलं त्यांना माहीत असेल."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेची मी कुठल्याच वहीत नोंद करू शकणार नाही.

"म्हणजे," वकीलबाईचे डोळे एकदम चमकले, "बस पकडायला आपल्याला परत खाली जावं लागेल?"

"तर! पळा लवकर, पावणेचार झालेत."

"उताआआर!" भोंगा ओरडला.

साखळी पोस्टमनने एका हाताने, गाणं न थांबवता बसवली. आम्ही सगळे वळलो आणि ज्या चढाने आम्हाला पाऊण तास रडवलं होतं तो आम्ही चार मिनिटांत उतरलो. वेण्या पुन्हा आडव्या झाल्या. भोंग्याने या रस्त्यावरच्या गाईंनाही हाका मारल्या. आणि मी चोरून पाहिलं, बायकोचे पाय पुन्हा पायडलवरून सुटले होते. ती हसली की नाही ते मात्र दिसलं नाही. ती माझ्या पुढे होती.

बस उभी होती. कंडक्टरने सायकली मोजल्या. "टपावर तीनच बसतात. पोस्टमनची रोजची. आणखी दोन."

आमच्या तीन होत्या. वकीलबाईची छोटी सायकल चढली, बायकोची जुनी सायकल चढली. साडूची चकचकीत, तीन आणि सात आकड्यांची सायकल खाली राहिली. ती तिथे टाकून जाणं शक्य नव्हतं. ती हरवली तर तिच्यापायी मला जन्मभर शिट्टीवर उठावं लागलं असतं.

"मी आणतो ढकलत," मी म्हणालो.

"पाणी पीत या," बायको खिडकीतून म्हणाली. त्यात राग किती आणि काळजी किती ते कळायच्या आत पोस्टमनने तिच्या मागच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"साहेब, तुमची आवक आजच्या तारखेला धरू, का सोमवारच्या टपालात?"

बस गेली. मी निघालो. नऊ किलोमीटरचा पुलाचा रस्ता धरला, कारण शाळेच्या रस्त्यावर आजी भेटल्या असत्या. पण अर्ध्या वाटेवर समोरून त्याच आजी आल्या, आता डोक्यावर भारा नव्हता. त्यांची एक सून त्या बाजूला राहत होती म्हणे.

"अजून वरच निघालाय?"

"हो."

"सायकल मोडली?"

"नाही."

"मग बसत का न्हाई?"

"चढ आहे, आजी."

आजींनी रस्त्याकडे मागे-पुढे पाहिलं. "हा? हा कुठं चढ? चढ पुढं हाय."

उजेड होता तोवर मी घरी पोचलो, पण जेमतेम. सायकल भिंतीला लावली आणि स्वतःला सायकलला लावलं. चालताना सबंध रस्ता मी मनात एकच वाक्य घोकत होतो : 'चढ अर्धवट सोडल्यामुळे तो लागला असं धरता येणार नाही.' पण दार उघडून आत गेलो आणि ते वाक्य बोलावंसंच वाटलं नाही. तिघं टेबलाशी बसले होते. टेबलावर माझी फाईल उघडी होती. हेडक्लार्कचा लाल शेरा वर दिसत होता.

"अट मोडली," बायको म्हणाली.

"मोडली," मी म्हणालो.

"खातं तुमच्याकडून काढून घेतलंय."

मी मान हलवली. माझं तोंड अगदी एवढंसं झालं असणार. "साडूला मी फोन करू, की तू करतेस?"

"भाऊजींना कशाला? ती शिट्टी मलाही नको." तिने वकीलबाईच्या डोक्यावर हात ठेवला. "खातं हिच्याकडे दिलंय. सबंध प्रवासात डोकं हिनेच चालवलं."

"आणि बाबा, दोन उतार मिळाले!" भोंगा ओरडला. "काकांकडे एकच असतो!"

वकीलबाई फाईलमधल्या कोऱ्या कागदावर काहीतरी लिहीत होती. मान वर न करता ती म्हणाली, "काकांच्या सहलीत शिट्टी वाजली की सगळे हसतात. आज आई शिट्टीशिवाय हसली. दोनदा. दुसऱ्यांदा पण, मी मागे वळून बघितलं." मग जरा थांबून, "बाबा, मजा आली."

मी पायपुसण्यावरच खाली बसलो. पाय दुखत होते म्हणून, असं मी त्यांना सांगितलं. नऊ किलोमीटर ढकललेली सायकल, काळे हात, आजींचे टोमणे, सगळं त्या दोन शब्दांत फिटलं. माझ्या मुलीने म्हटलं होतं, आणि मी विचारलंही नव्हतं. मला वाटलं, खातं गेलं तर गेलं. नियोजन कुणीही करो, माणूस म्हणून घरात आपली एक जागा आहे.

"पुढच्या शनिवारची योजना तयार आहे," वकीलबाई म्हणाली. "जाताना सायकल, येताना चारची बस. बाबा, वाचा आणि सही करा."

तिने कागद माझ्या हातात दिला. अक्षर सुवाच्य होतं, माझ्यावर गेलंय. वरच्या ओळीत लिहिलं होतं, 'जाणारी माणसं : आई, मी, भोंगा.' मी माझं नाव शोधत खाली आलो. ते सापडलं. खालच्या ओळीत होतं.

'बरोबर न्यायचं सामान : पाण्याच्या बाटल्या ४, हवेचा पंप १, डबे ३, बाबा १ (टपावर जागा असल्यास परत आणणे).'